पीशवा पार्क

लिफ्ट बंद होती म्हणून ती जिन्यात भेटली. आमच्या खालच्या मजल्यावर दोन इराणी मुली भाड्यानं राहतात, त्यांतली ही थोरली, विद्यापीठात कसलीशी पीएच.डी. करणारी. हातात ओली छत्री, आणि लागोपाठ तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतो तो भाव. हिंदी आणि इंग्रजी एकत्र कालवून तिनं विचारलं, ‘अंकल, पीशवा पार्क कुठं आलं?’ कुणी मैत्रीण तिथं लहान मुलाला घेऊन थांबली होती म्हणे. मी सारसबागेची खूण सांगितली आणि पाठोपाठ सवयीनं तोंडातून निघून गेलंच, ‘पीशवा नाही. पेशवा. पे.’ एवढ्यावर थांबलो नाही, तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तिनं शहाण्या मुलीसारखं म्हटलं. चार पायऱ्या उतरली, वळली आणि हसून म्हणाली, ‘पण अंकल, तो शब्द तर आमचा आहे.’

खाली फाटक वाजलं. मी भाजीची पिशवी घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये तसाच उभा.

३१ वर्षं मी मुद्रितशोधकाचं काम केलं. दुसऱ्याची चूक दिसली की हात शिवशिवतो, हे त्या धंद्याचं कायमचं दुखणं. लग्नपत्रिका आली की मी आधी वेलांट्या बघतो आणि मग मुहूर्त, असं बायको चारचौघांत सांगते, आणि ते खरं आहे. पण त्या दिवशी घास घशाखाली उतरेना. शब्द तिचाच होता. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे. पेशी, पेशकार, पेश करणं ही सगळी त्याच घरातली मंडळी. पेशवा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांतून तो शब्द आपल्याकडे आला, शनिवारवाड्यात राहिला, आणि इतका पुणेकर झाला की तो मूळचा कुठला हे त्याला कुणी विचारतच नाही. आणि मी, जो स्वतः अकराव्या वर्षी एस.टी.तून स्वारगेटला उतरलो, तो तिला तिच्याच घरातलं भांडं कसं धरायचं ते शिकवत होतो. आमटीत मीठ जास्त झालं होतं, असं बायकोनं नंतर सांगितलं. मला कळलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नारळाच्या वड्यांचं निमित्त काढून खाली गेलो. तिनं बिनदुधाचा चहा केला, साखरेचा खडा दातात धरून तो कसा प्यायचा ते दाखवलं. माझ्या तोंडात खडा आधीच विरघळला आणि उरलेला चहा कडू प्यावा लागला. मी माफी मागायला गेलो होतो, पण माफीचा विषय निघायच्या आधी दुधाचा निघाला. दुधाला त्यांच्याकडे ‘शीर’ म्हणतात. मी म्हटलं, माहीत आहे, आमच्याकडे शीरखुर्मा आहे. मग ती म्हणाली की सिंहालाही शीर म्हणतात. आणि नळाच्या तोटीलाही शीर. ‘शाळेत यावर विनोद असतात,’ ती म्हणाली. मी सांगितलं की आमच्याकडे दूध शीर असलं तरी सिंह शेर आहे, दोघांची गल्लत व्हायची सोय नाही. ती जरा थांबली. मग तिच्या वर्गातल्या एका अफगाण मुलाला फोन लावून तिनं तो मधे टीपॉयवर ठेवला आणि त्याला दोन्ही शब्द म्हणायला लावले. पलीकडून स्वच्छ आवाज आला : शेर. शीर. पेशवाही म्हणून दाखव म्हटल्यावर त्यानं तोही म्हटला, अगदी आप्पा बळवंत चौकात जन्मल्यासारखा. फोन ठेवल्यावर ती थोडी ओशाळून म्हणाली, ‘आम्ही यांच्या बोलण्याला हसतो. तेहरानमध्ये हे खेडवळ वाटतं.’

म्हणजे झालं होतं असं. जुन्या फारसीत ए आणि ई दोन्ही होते, ओ आणि ऊही. आपल्याकडे फारसी आली ती हे चारी स्वर घेऊन. पुढे इराणात ए वर चढून ई झाला, ओ चढून ऊ झाला, आणि दोन-दोन शब्द एका पांघरुणात आले. रोजचा रूज झाला, दोस्ताचा दूस्त, गोश्ताचा गूश्त. कोहिनूर हा हिरा सगळ्या जगाला ‘कोह’ म्हणून माहीत आहे. ज्यांच्या भाषेतलं हे नाव, त्यांच्या राजधानीत डोंगराला कूह म्हणतात. काबूलनं जुनं जपलं, आणि आपण तर परक्याची ठेव राखावी तसं जपलं, आपण काही जपतो आहोत याचा पत्ता नसताना. तिकडच्या वैयाकरणांनी अरबीच्या मापानं फारसी मोजली. अरबीच्या लिखित रूपात ए-ओ नाहीत, म्हणून या स्वरांना त्यांनी ‘मजहूल’ असं नाव दिलं. मजहूल म्हणजे अनोळखी. ई आणि ऊ हे ‘मारूफ’, ओळखीचे. फाळणी करावी तसे स्वर वाटले होते. आणि गंमत म्हणजे इकडे दीर्घ ए वर निघून गेलेला असताना तिकडे ऱ्हस्व इ खाली उतरून आली. आपल्या ‘दिल’ला ती ‘देल’ म्हणते, ‘गुल’ला ‘गोल’. मुश्किल शब्द तिच्या तोंडून मी मोश्केल असाच ऐकला. जुन्या वाड्यात एक भाडेकरू वरच्या खोलीत गेला की त्याच्या रिकाम्या जागेत कुणाचा ना कुणाचा पाट मांडलेला दिसायचाच.

त्या रात्री आरशासमोर उभं राहून ई, ए, आ म्हणून पाहिलं. (बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता निघून गेली.) ई म्हणताना जीभ वर टाळूला भिडायला जाते, तिथं तिला वरून अडसर असतो. आ म्हणताना जबडा खाली टेकतो, त्याखाली जागाच नाही. ऊ म्हणताना ओठांचा चंबू होतो. ही तीन टोकं पक्की. फक्त या तिघांवर संसार करणाऱ्या भाषा जगात आहेत. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी भाषांचं अ, इ, उ एवढ्यावर भागतं. ए आणि ओ यांचं घर मात्र अधेमधे. ना छत, ना तळ, ना कठडा. जीभ जरा वर गेली की ए ई-कडे कलतो, जरा ढिली पडली की ॲकडे, आणि म्हणणाऱ्याला वाटतं आपण आयुष्यभर एकच स्वर म्हणत आलो. माझा पुतण्या ऑकलंडला असतो. त्याची मुलगी व्हिडिओ कॉलवर मला आकडे म्हणून दाखवते, त्यात दहाचा आकडा आला की मला ‘टिन’ ऐकू येतं. पेनाला पिन म्हणते. मग इचं काय झालं म्हणावं, तर तिच्या ताटातला फिश हा ‘फश’ झालेला. न्यूझीलंडची इंग्रजीच तशी आहे : बॅड बेडकडे सरकलं, बेड बिडकडे, आणि बिडला ढकलून मधे कुठंतरी अच्या ओसरीवर बसवलं. लोकलमध्ये चौथी सीट मागणारा आला की सगळा बाक सरकतो, तसं. पुतण्या तिला घरी टेन म्हणायला लावतो. मी त्याला म्हटलं, लावू नकोस. असं मी म्हणालो याचं त्याला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

कारण माझ्याकडूनही कुणीतरी म्हणवून घेतलं होतं.

आमचं गाव कुडाळपासून कोसभर आत. आजी अंगणात उभी राहून म्हणायची, ‘पाऊस इलो.’ आला नाही, इलो. पाऊस इलो, मामा इलो, फणस मोठो, आंबो गोड. पुल्लिंगी जे जे म्हणून काही होतं ते सगळं ओ-वर टेकायचं, आणि तो ओ असा गोल, की हातात घ्यावासा वाटायचा. नपुंसकलिंगी शब्द आ-वर टेकत, आणि त्या आ-ला शेवटी नाकातून जरासा वास यायचा : ‘मगे, काय केलां शाळेत?’ मे महिन्यात आम्ही पेडण्याला मावशीकडे जायचो. बांद्याची वेस ओलांडली की हेच ‘केलां’ ‘केलें’ व्हायचं. तास-दीड तासाच्या प्रवासात एक स्वर तोंडात पुढे सरकून यायचा, खिडकीबाहेरची झाडं मात्र तीच. मावशीचे सासरे पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांचा आम्हा पोरांसाठी एक खेळ होता. पोर्तुगीजमध्ये आजोबा म्हणजे ‘आवो’ आणि आजी म्हणजेही ‘आवो’. फरक एवढाच की आजोबांचा ओ आवळलेला, ओठ मिटत आणलेला. आजीचा उघडा, ऑच्या जवळ जाणारा. म्हातारा ओसरीवर बसून एकेकाला बोलवायचा, ‘आता आजोबाक हाक मार. आता आजयेक.’ आमच्यातला कुणी चुकला की मावशीची सासू माजघरातून ओरडायची, ‘मी अजून दाडी करूंक ना!’ कोकणीतही असे दोन-दोन ए आणि दोन-दोन ओ आहेत, एक मिटका, एक उघडा. देवनागरीत दोघांना एकच मात्रा. लिहिणारा लिहून मोकळा होतो, वाचणाऱ्यानं काय ते ओळखायचं.

पुण्यात वडिलांनी मला पाचवीत घातलं. आठवड्याभरात बाई म्हणाल्या, उशीर का झाला. मी उभा राहून म्हणालो, ‘बाबा काल रात्री इलो.’ वर्ग हसला. बाई दुष्ट नव्हत्या, हे मला आजही म्हणायचं आहे. त्यांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाल्या, ‘इलो नाही. आले. वडिलांना अरे-तुरे करायचं नाही. म्हण. आ-ले. ले.’ मी म्हटलं. एका पावसाळ्यात माझे सगळे ओ आ झाले, आं अं झाले. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आजीनं शेजारणीला कौतुकानं हाक मारली, ‘माझो नातू घाटी झालो गो!’ दोघी हसल्या, मीही हसलो. पण संध्याकाळी पानावर बसलो तेव्हा आजी मला म्हणाली, ‘तुला अजून भात वाढू का?’ तलाठी किंवा डॉक्टर घरी आला की ती जी मराठी काढायची, ती. माझ्यासाठी तिनं पेटीतलं इस्त्रीचं लुगडं नेसावं तशी ती भाषा नेसली होती, आणि ती तिला बोचत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.

ओ का आ, हे भांडण काही कुडाळ आणि पुण्याचं नव्हे. गुजरातेत घोडो, मारवाडात घोडो, मालवणीत नि कोकणीत घोडो. देशावर आणि पार दिल्लीपर्यंत घोडा. जुन्या घोडओचंच एका वाटेनं हे झालं, दुसऱ्या वाटेनं ते. त्याच्याही मागे गेलं तर अशोक. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा राजा आपल्याला ‘देवांचा लाडका’ म्हणवून घेतो, पण गिरनारच्या शिळेवर तो देवानंप्रियो आहे आणि ओडिशात धौलीला देवानंपिये. संस्कृतातल्या देवःचा पश्चिमेकडे देवो झाला, पूर्वेकडे देवे. धौलीच्या दगडावर तर राजाचाही लाजा आहे. सम्राटाच्या हुकमाची प्रत टाकीनं कोरायची, आणि ती जिथल्या तिथल्या लोकांच्या तोंडाप्रमाणं कोरायची. माझ्या नोकरीत हे दोन प्रूफं माझ्यासमोर एकाच दिवशी आले असते तर मी एकावर लाल शाई ओतली असती. कशावर, ते मात्र आता सांगता येणार नाही.

छापखान्यात माझं निम्मं आयुष्य ‘केले’ आणि ‘केलं’ यांच्यात गेलं. जुन्या पुस्तकांत ‘केलें’ असायचं, वर टिंब, गोव्यात अजून आहे तसं. देशावरच्या तोंडातून नाकातला आवाज गेला, तरी कागदावर टिंब बसून होतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते उडवलं. तोवर बोलण्यातला ए-सुद्धा निघून गेला होता. जीभ पुढून मागे येऊन लांबवलेल्या अ-वर थांबली होती, आणि तो लांब अ दाखवायला चिन्ह नाही म्हणून त्याच्या डोक्यावर परत टिंबच ठेवलं गेलं. म्हणजे केलें-मधलं टिंब नाकासाठी, ते पुसलं. आणि केलं-मधलं टिंब नाकासाठी नाहीच, ते ठेवलं. नवीन मुलांना हे समजावताना मला कायम आपण काहीतरी लपवतो आहोत असं वाटायचं. निवेदनात ‘केले’, संवादात ‘केलं’ हा सरधोपट रिवाज. एक लेखक अडून बसले होते, माझी नायिका ‘केले’च म्हणते. मी म्हटलं, साहेब, ती विहिरीवर उभी आहे. ते म्हणाले, असू दे, मॅट्रिक झालेली आहे. छापलं. मालवणी संवाद असलेलं काही आलं की हस्तलिखित माझ्या टेबलावर यायचं, ‘तुमच्याकडचं आहे, तुम्हीच बघा.’ एकदा त्यात ओळीओळीला ‘केला’, ‘झाला’ असं बिनटिंबाचं आलं. मी पेन उचललं, टिंब द्यायचं का ठरवायला ‘केलां’ मनात म्हणून पाहिलं, आणि ऐकूच येईना. मोठ्यानं म्हटलं, तर मालवणी नाटकातल्या नटासारखं वाटलं. आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी टिंबं दिली. बरोबर दिली की नाही, कुणी तपासलं नाही.

आमच्याकडे एक बेळगावकडचे कंपोझिटर होते, खिळे जुळवायच्या दिवसांतले. घरी कानडी, बाहेर मराठी. एखादं कानडी गावाचं नाव जुळवायला आलं की ते खिळ्यांच्या पेटीवर हात थांबवून म्हणायचे, ‘तुमच्यात अर्धा ए नाही हो.’ कानडीत ए आखूडही असतो आणि लांबही. आखूड ए म्हटला तर केरे म्हणजे तळं, लांब म्हटला तर केरे म्हणजे धामण. ‘तुम्ही मराठी लोक तळ्यावर जाऊ म्हणता आणि आम्हाला साप दिसतो,’ हा त्यांचा आवडता विनोद. हा अर्धा ए आपल्याकडच्या पंडितांना ठाऊक नव्हता असं नाही. पतंजलीनं महाभाष्यात नोंदवलंय की सामवेदाच्या सात्यमुग्री आणि राणायनीय या शाखांचे लोक अर्धा ए आणि अर्धा ओ म्हणतात. नोंदवलं आणि लगेच निकालही दिला, की लोकांत किंवा दुसऱ्या कुठल्या वेदात असलं काही नाही. त्या काळच्या प्राकृतात तर आखूड ए सर्रास असणार. पण पतंजलीच्या ‘लोकांत’ कोणते लोक मोजायचे, हा प्रश्न मुद्रितशोधकानं विचारायचा नसतो.

संस्कृतात ए आणि ओ नेहमी दीर्घ, कारण ते दोघांच्या भेटीतून जन्मले. गण अधिक ईश, गणेश. सूर्य अधिक उदय, सूर्योदय. शाळेत घोकताना कधी सुचलं नाही की हे व्याकरणाचं नसून तोंडाचं गणित आहे : अ-साठी उघडलेलं तोंड ई-साठी मिटायला निघालं आणि वाटेत जिथं गाठ पडली तिथं ए. कैरोत नेमकं हेच झालंय. लिखित अरबीतलं बैत, म्हणजे घर, तिथल्या रस्त्यावर बेत होतं. यौम, म्हणजे दिवस, योम होतो. दोन अनोळखी भाषांनी एकाच कोपऱ्यावर वळण घेतलं. पण त्याही आधीचा एक ए आहे, आणि त्यानं मला फार दिवस छळलं. भाषाशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक प्रूफांना आलं होतं, त्यात भेटला. आपलं अस्ति, लॅटिनचं एस्त. आपलं पंच, लॅटिनचं क्विंक्वे, ग्रीकांचं पेंते. तिकडे जिथं ए आहे तिथं आपल्याकडे अ. युरोपातले पंडित आधी मानत होते की संस्कृतच जुनं, अ हाच मूळचा, तिकडच्यांनी त्याचे तुकडे केले. १८७० च्या दशकात चार-पाच जणांना जवळजवळ एकाच वेळी उलटं दिसलं. लायप्झिगमध्ये शिकणारा, पुढे मोठा भाषाशास्त्रज्ञ झालेला सोस्यूरही तेव्हाच, २१ व्या वर्षी, याच मूळ स्वरांच्या मागे लागला होता. पुरावा कशात सापडला, तर ‘चकार’मध्ये. कृ धातूची द्विरुक्ती करायची तर ककार व्हायला हवं, च कुठून आला? गम्-चं जगाम, तिथं ज कुठून? तर त्या पहिल्या अक्षरात एके काळी ए होता. ए-च्या संगतीनं क पुढे ओढला जाऊन च झाला. मग ए मेला, त्याचा अ झाला, पण च तसाच राहिला. भिंतीवरची तसबीर काढून नेली तरी मागे फिकट चौकोन उरतो, तसा.

दुपारी तीनची वेळ होती. छपाईयंत्र बंद होतं. मी चकार, जगाम असं पुटपुटत बसलो होतो आणि एकदम लक्षात आलं, की माझ्या तोंडात हेच रोज घडतं. त्याचा म्हणताना च दातांवरचा. त्याची, त्याचे म्हणताना तोच च टाळूवर जातो. माझा, आणि माझी, माझे. ई-एच्या संगतीनं च-ला नि झ-ला वर जावं लागतं. पण नपुंसकलिंगी ‘त्याचे’चं बोलताना ‘त्याचं’ झालं ना, तिथं ए गेला तशी च-नंही टाळू सोडली आणि परत दातांवर येऊन बसला. ‘माझे घर’ असं वाचलं की झ टाळूवर, ‘माझं घर’ म्हटलं की दातांत. संस्कृतातला ए जाताना खूण ठेवून गेला. आमचा ए आपलं सगळं सामान आवरून गेला, उद्या कुणी शोधायला आलं तर त्याला काही सापडायचं नाही. हे मी कंपोझिटरना सांगितलं. ते म्हणाले, चहा मागवू का?

खालच्या मजल्याशी आता आमचं बरं चाललंय. ती वर येते तेव्हा न चुकता ‘पेशवा’ म्हणते, ए चांगला लांबवून, आणि मी तिला चिडवायला ‘पीशवा’ म्हणतो. एकदा तिनं विचारलं, तुमच्या गावची भाषा कशी आहे, बोलून दाखवा. मी दोन वाक्यं म्हटली. तिला फरक कळायचं कारण नव्हतं, तरी ती म्हणाली, ‘तुम्ही वाचल्यासारखं बोललात.’

गेल्या रविवारी ती, तिची मैत्रीण, मैत्रिणीचा मुलगा, माझी नात आणि आम्ही नवरा-बायको, अशी वरात फुलराणीत बसायला निघाली. आठ वर्षं वयाच्या आतले दोघंच, पण झुकझुक गाडीची घाई सगळ्यांना. दोन रिक्षा केल्या. पहिल्या रिक्षात बायको, मैत्रीण नि पोरं बसली. दुसरीत ती आणि मी. पाऊस भुरभुरत होता, रिक्षावाल्यानं कडेचं प्लॅस्टिक सोडलं आणि आरशातून विचारलं, कुठं? मी म्हटलं, ‘पीशवा पार्क.’

तोंडात बसलं होतं, निघून गेलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. ‘पेशवे म्हणा काका, पेशवे. पे,’ तो म्हणाला. शेजारी ओढणी तोंडाशी धरून ती हसायला लागली होती. मीटर टाकता टाकता त्यानं विचारलं, ‘बाहेरचे का तुम्ही? कुठले?’

‘कुडाळचो,’ मी म्हणालो.